'आम्ही' या सर्वनामाची व्याप्ती : कॅथलिक उपासना आणि दूरस्थांचे सान्निध्य

१

मराठीच्या व्याकरणात 'आम्ही' आणि 'आपण' यांतील भेद हा सहसा एका परिच्छेदात उरकला जाणारा विषय आहे. 'आम्ही उद्या दाभोळला जाणार' असे कोणी म्हटले, तर ऐकणारा त्या जाण्यात नाही. 'आपण उद्या दाभोळला जाऊ' असे म्हटले, तर तो आहे. पहिले सर्वनाम श्रोत्याला वगळते, दुसरे त्याला सामावून घेते. गुजरातीत हा भेद आहे. तमिळ व तेलुगू या द्राविड भाषांतही आहे. हिंदीत, इंग्रजीत अथवा लॅटिनमध्ये तो नाही. 'आपण'चे आत्मवाचक व आदरार्थी असे आणखीही उपयोग आहेत. त्यांचा विचार येथे कर्तव्य नाही.

या लहानशा भेदाच्या आधाराने एका मोठ्या प्रश्नाकडे पाहावे, असा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. दूर गेलेली माणसे उपासनेत जवळ येतात, असे श्रद्धावंत सांगतात. हे सांगणे आपण बहुधा भावनेच्या खाती जमा करतो, आणि त्याचा भाषिक विचार करावयास नको असे मानतो. परंतु उपासना ही बऱ्याच अंशी भाषेनेच घडते. तेव्हा जे सान्निध्य तेथे अनुभवास येते त्याची काही खूण त्या भाषेच्या रचनेत सापडावयास हवी. कॅथलिक उपासनेच्या मराठी व कोकणी परंपरेत ही खूण कशी सापडते, आणि तिच्या मर्यादा कोणत्या, हे येथे पाहावयाचे आहे.

हा विचार सुचला तो अंजनवेलीस, आणि अंजनवेल हे काही कॅथलिक परंपरेचे गाव म्हणून ओळखले जात नाही. वशिष्ठीच्या मुखावर, गोपाळगडाच्या सावलीत वसलेल्या या गावाची खरी ओळख आहे ती समुद्राशी आणि परगावी गेलेल्या माणसांशी. मुंबईचा चाकरमानी, जहाजावरचा खलाशी, आखातातला कामगार यांच्यापैकी कोणी ना कोणी प्रत्येक आळीत आहे. टाळकेश्वराजवळचे दीपगृह ज्या सागरी वाटेकडे पाहत उभे आहे, त्याच वाटेने विसाव्या शतकात मुंबई-पणजी आगबोटी जात व मार्गातील दाभोळसारख्या बंदरांना लागत. त्या बोटींवर जसा इकडचा चाकरमानी असे, तसाच मुंबईला जहाजावरील नोकरीच्या शोधात निघालेला गोव्याचा ख्रिस्ती तरुणही असे. वाट एकच होती. विरहही एकाच जातीचा होता. मात्र तो विरह सोसण्याच्या रीती दोन होत्या. अंजनवेलचा चाकरमानी शिमग्याला व गणपतीला गावी परत येई, आणि आजही येतो. गोव्याच्या खलाशाला हे नेहमी शक्य नसे. म्हणून त्याने गावचा उत्सवच आपल्या खोलीवर नेला.

२

मुंबईत गोव्याच्या गावांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून जी निवासस्थाने उभी केली, त्यांना 'कूड' म्हणतात. 'कूड' म्हणजे खोली. धोबीतलावच्या जेर महालासारख्या इमारतीत अशा अनेक गावांच्या खोल्या एकमेकींना लागून आहेत. भिंतीलगत पत्र्याच्या पेट्या, रात्री जमिनीवर अंथरावयाच्या चटया, आणि एका बाजूस गावच्या आश्रयदात्या संताची वेदी, असे तिचे स्वरूप. जहाज मिळेपर्यंत येथे राहावयाचे, आणि सायंकाळी ठराविक वेळी सर्वांनी मिळून 'तेर्स', म्हणजे जपमाळेची प्रार्थना, कोकणीत म्हणावयाची, हा कुडाचा नियम. गावच्या चर्चचे फेस्त ज्या दिवशी, त्या दिवशी मुंबईच्या खोलीतही फेस्त.

या व्यवस्थेकडे समाजशास्त्राचे अभ्यासक परस्परसाहाय्याची संस्था म्हणून पाहतात, आणि ते योग्यच आहे. परंतु निवारा आणि साहाय्य यांसाठी वेदीची आवश्यकता नव्हती. गावाकडे आई आंजची घंटा ऐकून तेर्साला गुडघे टेकीत असे, तेर्स संपल्यावर घरच्या मृतांसाठी व दर्यावर असलेल्यांसाठी आणखी प्रार्थना म्हणे, आणि मग धाकटी मंडळी वडीलधाऱ्यांचे 'बेसांव', म्हणजे आशीर्वाद, घेत. धोबीतलावच्या खोलीत मुलगा त्याच क्रमाने तेच शब्द उच्चारीत असे. तो आईला काही सांगत नव्हता, आणि आईही त्याला काही सांगत नव्हती. दोघे तिसऱ्या कोणाशी तरी एकच बोलत होती. येथे निरोप जात नाही, बातमी येत नाही. आणि तरीही काही एक जोडले जाते. ते काय, हा आपला प्रश्न आहे.

३

दूर असलेल्या माणसाला भाषेत कोणती जागा मिळते ते पाहू. घरात त्याच्याविषयी बोलणे निघाले की तो तृतीय पुरुषी होतो : 'तो आता कोठे असेल?' पत्र लिहावयास बसले की तो द्वितीय पुरुषी होतो : 'तू केव्हा येणार?' पत्रातील 'तू' बोलण्यातील 'तो'पेक्षा निश्चितच जवळचा आहे. तथापि 'तू' म्हणण्यासाठी 'मी'ला निराळे उभे राहावे लागते. पत्रातली जवळीक ही अंतर मान्य करूनच मिळविलेली जवळीक असते.

जात्यावरच्या ओवीत या दोहोंच्या मधली एक जागा आहे. सासरी आलेली स्त्री दूरच्या भावाला हाक मारते. तो ऐकत नाही हे तिला ठाऊक असते. व्याकरणाने ते संबोधन आहे, वस्तुतः ते स्वगत आहे. मराठीतील विरहाची फार मोठी कविता या संबोधनावर उभी आहे. तिचे सौंदर्य, हाक पोचत नाही याच जाणिवेतून येते.

प्रार्थनेत मात्र दूरस्थाची जागा पालटते. प्रार्थना 'तू' म्हणते ते ईश्वराला. द्वितीय पुरुषाची जागा त्याने व्यापल्यावर दूरच्या मुलाला दोनच जागा उरतात. एक तृतीय पुरुषाची : 'त्याच्यासाठी' म्हणून त्याचे नाव घेणे. दुसरी प्रथम पुरुषाची : 'आम्हां'मध्ये त्याला घेणे. ख्रिस्ताने शिष्यांना शिकविलेली प्रार्थना एकवचनी नाही, हे लक्षात घेण्याजोगे आहे. एकटा मनुष्य बंद खोलीत ती म्हणत असला तरी त्याला बहुवचनच वापरावे लागते. मग त्या बहुवचनात कोण कोण असते?

येथे मराठीला असा एक प्रश्न सोडवावा लागला, जो लॅटिनला पडलाच नव्हता. लॅटिनमधील प्रथमपुरुषी बहुवचनी स्वामित्वदर्शक शब्द श्रोत्याला वगळतो की सामावून घेतो, हे सांगत नाही. मराठी भाषांतरकाराला 'आपल्या' आणि 'आमच्या' यांतून एकाची निवड करणे भाग होते. 'आपला पिता' असे ईश्वरालाच उद्देशून म्हणता येत नाही. कारण मग जो पिता तोच अपत्यांच्या गणनेत येईल. म्हणून 'आमच्या'. निवड व्याकरणाने लादलेली आहे. तिच्यात भाषांतरकाराचे कौशल्य नाही. परंतु तिचा परिणाम पाहा. 'आपण' हे सर्वनाम श्रोत्याला बांधलेले असल्याने ते त्या क्षणाच्या, त्या स्थळाच्या संवादाला बांधलेले असते. 'आम्ही'मध्ये तो ठाम समावेश नाही. श्रोत्याखेरीज आणखी कोण त्यात आहे, हे ते मोकळे ठेवते. समोर नसलेला मुलगा, निवर्तलेला बाप, न पाहिलेला नातू यांपैकी कोणालाही त्यात यावयास अडचण नाही.

मराठी मिस्सामध्ये ही दोन सर्वनामे आळीपाळीने येतात, हे लक्षपूर्वक ऐकणाऱ्याच्या ध्यानी येईल. धर्मगुरू लोकांना प्रार्थनेस बोलावतो तेव्हा 'आपण' : तो आणि समोर जमलेले. लगेच तो ईश्वराकडे वळतो, आणि 'आपण'चे 'आम्ही' होते. बाहेरून पाहता बोलणारे तेच, जागा तीच. पण पहिल्या सर्वनामाची कक्षा चर्चच्या भिंतींपर्यंत आहे, दुसऱ्याची कक्षा तेथे थांबत नाही. 'आपण'कडून 'आम्ही'कडे जाणे हे व्याकरणदृष्ट्या श्रोता बदलणे आहे. उपासनेच्या दृष्टीने ते वर्तुळ रुंदावणे आहे.

यावर एक आक्षेप संभवतो. 'आम्ही खाली सह्या करणारे' असे अर्जातही लिहितात. तेथेही श्रोता वगळलेलाच असतो. मग अर्जात आणि प्रार्थनेत भेद काय? भेद असा की, अर्जातील 'आम्ही'ला सह्यांची यादी सीमा घालते. प्रार्थनेतील 'आम्ही'ला सह्या नाहीत. उलट, ही यादी उघडी राहावी याची तजवीज कॅथलिक विधीने केलेली आहे. रोमन परंपरेच्या मुख्य अर्पण-प्रार्थनेत जिवंतांच्या स्मरणाची एक जागा आहे व मृतांच्या स्मरणाची दुसरी. तेथे नावे घेण्यास वाव ठेवलेला आहे. २ नोव्हेंबर हा तर सर्व मृतांच्या स्मरणाचाच दिवस. श्रद्धेच्या अंगीकारात पवित्र जनांच्या सहभागितेवर जो विश्वास उच्चारला जातो, त्याचा आशयही हाच : पृथ्वीवरचे आणि पलीकडचे एकाच समुदायाचे घटक आहेत. व्याकरण केवळ दार उघडे ठेवते; त्या दारातून कोण आत येईल हे विधी ठरवितो.

म्हणूनच येथे व्याकरणाला अधिक श्रेय देण्याचा मोह टाळला पाहिजे. कोकणीत 'आमी'ची व्याप्ती मराठी 'आम्ही'पेक्षा मोठी आहे. ते ऐकणाऱ्यालाही सामावू शकते. तरीही कुडातील कोकणी तेर्स तेच सान्निध्य साधतो. मराठीचे वैशिष्ट्य एवढेच की, इतर भाषांत जे अध्याहृत राहते ते तिच्यात उघड दिसते.

४

या दृष्टीने ख्रिस्तपुराणाकडे व त्याच्या कर्त्याकडे पुन्हा पाहावयास हवे. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट ४ एप्रिल १५७९ रोजी लिस्बनहून निघाला आणि २४ ऑक्टोबर १५७९ रोजी गोव्यास पोचला. त्यानंतर १६१९ मध्ये मृत्यू येईपर्यंत तो इकडेच राहिला. मायदेशी परतणे त्याला जवळजवळ अशक्यच होते. १५८५ च्या कायद्याने इंग्लंडात जेझुइट धर्मगुरूचे केवळ असणे हाच राजद्रोह ठरला. त्याची दोन पत्रे प्रसिद्ध आहेत. गोव्यास पोचल्यावर थोड्याच दिवसांत, १० नोव्हेंबर १५७९ रोजी, वडिलांना लिहिलेल्या पत्रात त्याने प्रवासाचे सविस्तर वर्णन केले. २४ ऑक्टोबर १५८३ रोजी भावास लिहिलेल्या पत्रात या देशातील भाषांची रचना ग्रीक व लॅटिनसारखी असल्याचे त्याने नमूद केले. विल्यम जोन्सच्या १७८६ मधील सुप्रसिद्ध विधानापूर्वी दोन शतके केलेले हे निरीक्षण भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यांस परिचित आहे. परंतु ते निरीक्षण घरच्या पत्रात आले आहे, इकडे सहसा लक्ष जात नाही. परक्या भाषेत आपल्या शाळेतील भाषांची ठेवण ओळखू येणे, हाही दूरदेशी असलेल्या माणसाला लाभलेला एक जवळिकीचा क्षण होता.

१६१६ मध्ये राशोल येथे छापलेले ख्रिस्तपुराण १०,९६२ ओव्यांचे आहे. पहिल्या पुराणात ३६ व दुसऱ्यात ५९ अवस्वरू आहेत. १६४९ व १६५४ मध्ये त्याच्या पुढील आवृत्त्या निघाल्या. त्याची समीक्षा आजवर मुख्यतः दोन अंगांनी झाली : परकीयाने मराठीचा केलेला गौरव म्हणून, आणि हिंदू पुराणशैलीचा ख्रिस्ती आशयासाठी केलेला वापर म्हणून. 'वैकुंठ' हा शब्द स्वर्गासाठी आला, ओवी आली, पुराण सांगणारा व ऐकणारा आला, याची चर्चा पुष्कळ झाली. ही दोन्ही अंगे खरी आहेत. पण दोन्ही ग्रंथाच्या निर्मितीकडे पाहतात, त्याच्या वापराकडे नव्हे. ज्यांनी हे पुराण पिढ्यान्‌पिढ्या गायिले त्यांच्या लेखी ते काय होते?

ग्रंथाच्या आरंभीची चौकटच याचे उत्तर सुचविते. साष्टीतील नवख्रिस्ती लोक चर्चमध्ये धर्मशिक्षणास जमतात. त्यांच्यातील एक ब्राह्मण विचारतो की, पूर्वी आम्हांस ऐकावयास पुराणे होती, आता त्यांच्या जागी काय? हा प्रश्न सिद्धान्ताचा नाही, पोकळीचा आहे. या लोकांना वाडवडिलांनी ज्या स्वरात देव ऐकला तो स्वर हवा आहे. स्टीफन्सने त्यांना नवी कथा जुन्या छंदात दिली. ओवी हा त्या लोकांसाठी अलंकार नव्हता. मागे राहिलेल्या घराशी राहिलेला तो धागा होता.

पुढे याच ग्रंथाने आणखी एक अंतर सांधले. सतराव्या व अठराव्या शतकांत गोव्यातून अनेक ख्रिस्ती कुटुंबे दक्षिण कानडा भागात जाऊन स्थायिक झाली, आणि त्यांनी आपल्याबरोबर पुराणाच्या हस्तलिखित प्रती नेल्या. गोव्यात १६८४ च्या राजाज्ञेने देशी भाषेच्या वापरावर घाला घातला. सतराव्या शतकातील तिन्ही मुद्रित आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. ग्रंथ टिकला तो हस्तलिखितांतून, आणि त्याची पुढली मुद्रित आवृत्ती १९०७ मध्ये निघाली ती गोव्यात नव्हे, मंगळुरास. १७८४ ते १७९९ या काळात टिपूच्या कैदेत श्रीरंगपट्टणास नेलेल्या मंगळुरी ख्रिस्ती लोकांना या पुराणाचा आधार वाटे, अशी तेथील परंपरा सांगते. स्वतः कधी घरी परतू न शकलेल्या माणसाचा ग्रंथ घर सोडावे लागलेल्यांनी जपला, हा योगायोग खरा. पण तो निव्वळ योगायोग नाही. घर दुरावल्यावरच उपासनेच्या शब्दांना घराची जागा घ्यावी लागते.

त्याच मंगळुरी परंपरेतील ८ सप्टेंबरच्या मोंती फेस्ताचा उल्लेख येथे केला पाहिजे. त्या दिवशी चर्चमध्ये आशीर्वादित केलेल्या नव्या भाताचे दाणे घरी आणून सर्व कुटुंब एकत्र बसून सेवन करते. जो परदेशी आहे त्याला ते दाणे टपालाने पाठविले जातात. पाकिटातून पत्र जाते तेव्हा 'तू' जातो. दाणे जातात तेव्हा 'आम्ही' जातो. त्याने घरच्यांना काही उत्तर पाठवावयाचे नसते. त्याने तेच खावयाचे असते.

५

येथवर जे म्हटले त्यावरून कोणाची अशी समजूत होईल की, उपासनेतील 'आम्ही' केवळ जोडतच जातो. तशी समजूत इतिहासाला धरून होणार नाही. मराठी 'आम्ही' हे वगळणारे सर्वनाम आहे, हे आरंभीच सांगितले. ते ईश्वराला वगळते तोवर प्रार्थना घडते. ते शेजाऱ्याला वगळू लागते तेव्हा दुसरेच काही घडते. १५०८ च्या अखेरीस आल्मेदाच्या आरमाराने अंजनवेलसमोरचे दाभोळ जाळले, त्याची आठवण या किनाऱ्याला आहे. गोव्यात सोळाव्या शतकात देवळे पाडली गेली, आणि अनेक कुळे आपल्या देवतांना घेऊन अंत्रुजात गेली. १५६० मध्ये आलेले धर्मसमीक्षण न्यायालय १८१२ पर्यंत राहिले. एका भावाने गाव सोडले, दुसऱ्याने धर्म सोडला, अशी घरे दुभंगली. ख्रिस्तपुराणातील तो ब्राह्मण ज्या पोकळीविषयी विचारतो, ती या दुभंगातून आलेली आहे. ज्या उपासनेने समुद्रापलीकडचा आप्त जवळ आणला, तिने नदीपलीकडचा आप्त दूरही केला. ख्रिस्तपुराणाच्या समीक्षेने हे सांगण्यास कचरू नये; त्याने ग्रंथाचे मोल उणावत नाही, उलट त्यातील व्याकूळतेचे कारण कळते.

आणि लोकांनी हा दुभंगही आपल्या रीतीने सांधला. म्हापशाची मिलाग्रिस सायबीण आणि शिरगावची देवी लईराई या बहिणी होत, असे हिंदू व ख्रिस्ती दोघेही मानतात. सात बहिणींपैकी एक ख्रिस्ती झाली, पण ती बहीणच राहिली. धर्मशास्त्राच्या कोणत्याही पोथीत बसणारे हे विधान नाही. परंतु ज्या घरांतील खरीच भावंडे दुरावली, त्यांनी देवतांच्या नात्यात आपले नाते राखले, असे त्याचे वाचन करता येते. येथे 'आम्ही'चे पुन्हा 'आपण' झाले आहे.

६

एक वर्तमान प्रश्न उरतो. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या ४ डिसेंबर १९६३ च्या उपासनाविषयक संविधानानंतर मिस्सात लोकभाषा आल्या, आणि वसईच्या भाविकास आपली उपासना मराठीत लाभली. तिच्यापूर्वी गोव्याचा किंवा वसईचा खलाशी कोणत्याही परदेशी बंदरात चर्चमध्ये शिरला तर त्याला गावाकडचीच लॅटिन ऐकू येई. शब्द कळत नसत, पण ध्वनी घरचे असत. आज त्याला तेथे त्या देशाची भाषा ऐकू येते. अर्थाचे सान्निध्य मिळाले, ध्वनीचे गेले. २०२० च्या साथीत चर्चे बंद असताना मिस्सा पडद्यावर दाखविला गेला, आणि परदेशस्थ मुलाला गावच्या चर्चमधील ध्वनी पुन्हा ऐकू आला. ही सोय मोलाची होती. मात्र पडद्यासमोर बसलेला मनुष्य पाहणारा झाला की तो 'आम्ही'च्या बाहेर पडतो, आणि वेदीवरचे सर्व 'ते' होतात. तो स्वतः शब्द उच्चारतो की नाही, यावर सारे अवलंबून आहे. कुडातला खलाशी काही पाहत नव्हता. तो म्हणत होता.

दूरस्थांचे सान्निध्य ही भावना खरी की भ्रामक, याचा निवाडा भाषाशास्त्राने करावयाचा नाही. भाषाशास्त्र इतकेच दाखवू शकते की, हे सान्निध्य बोलणाऱ्याने स्वतः उच्चारलेल्या एका बहुवचनात वसते, आणि ते बहुवचन कोणासाठी उघडे ठेवावयाचे ही निवड प्रत्येक पिढीला नव्याने करावी लागते. अंजनवेलीच्या एखाद्या घरी मुलाची चौकशी केली, तर ओटीवरची एकटी म्हातारी 'आमचा जहाजावर आहे' असे सांगते. घरात दुसरे कोणी नसते. तिच्या त्या 'आमचा'मध्ये कोण कोण आहे, हे तिला विचारण्याचे कारण नाही. प्रार्थनेतल्या 'आमच्या'विषयी जे म्हणावयाचे ते तिने एका शब्दात म्हटलेले असते.